उजव्या नाकपुडीची साक्ष

"आंबट? आंबट कुणाला म्हणता? अहो जमादार, आंबट तुमच्या घरचं ताक असेल! खोडा तो शब्द! आधी खोडा, मग माझ्याशी बोला!"

नाना एवढ्या जोरानं ओरडले की ओढ्याकाठच्या खडकावर एकमेकांच्या उवा बघत बसलेली वानरं उठून वरच्या खडकावर गेली. "खोडा" हा शब्द समोरच्या तोरण्याच्या कड्यावर आपटून परत आला आणि जमादारांनी घाबरून तोच शब्द दुसऱ्यांदा खोडला. मी थापा मारतो असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. पण कागद फाटलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

प्रसंग असा होता. वेल्ह्याच्याही पलीकडं, जिथं एस.टी. सोडाच पण एस.टी.चा हॉर्नसुद्धा पोचत नसे, अशा एका वाडीच्या ओढ्यात जमादारांनी हातभट्टी पकडली होती. त्या काळात, म्हणजे साठ-सत्तरच्या मधल्या वर्षांत, दारूबंदी कागदोपत्री फार जोरात होती आणि दारू ओढ्याओढ्यांनी. मडकी फुटली होती, चुलीत पाणी ओतलं होतं, गवताच्या गंजीखाली पुरलेली बरणी उकरून वर काढली होती. भट्टीची मालकीण ठकूबाई एका धोंड्यावर हनुवटी गुडघ्याला टेकवून बसली होती. सत्तरीची म्हातारी. दुसऱ्याच कुणाच्या घरचं लग्न चाललंय अशा चेहऱ्यानं सगळं बघत होती.

नाना आणि मी मोजणी खात्यातली माणसं. नाना मोजणीदार आणि मी त्यांचा मदतनीस. भोरहून येऊन शेजारच्या उतारावर साखळी टाकून आम्ही हद्दी मोजत होतो. पंचनाम्याला दोन पंच लागतात. पाच कोसांत सही करता येणारी आणि ठकूबाईचे भाचे-पुतणे नसलेली माणसं दोनच निघाली, ती आम्ही. शिपायानं आम्हाला बोलावून आणलं.

पंचाचं काम दोन मिनिटांचं असतं. बाटली नाकाशी धरायची, तोंड वाकडं करायचं आणि सही ठोकायची. मजकूर ठरलेला असतो: "सदर द्रवाचा वास घेऊन पाहिला असता आंबट व उग्र असा गावठी दारूचा वास आला." हे वाक्य जमादारांनी इतक्यांदा लिहिलं होतं की ते घरूनच लिहून आणत आणि जागेवर फक्त नावं भरत. आजवर एकाही पंचानं त्या वाक्यावर हरकत घेतली नव्हती. नानांनी बाटली नाकाशी धरली, डोळे मिटले, बराच वेळ उघडलेच नाहीत, आणि उघडले तेव्हा वर लिहिल्याप्रमाणे ओरडले.

आता हे नाना कोण, ते सांगायला हवं.

नानांचं नाक मोठं होतं असं म्हणणं म्हणजे तोरण्याला टेकाड म्हणणं. कचेरीच्या दारातून सकाळी आधी नाक आत येई, मग टोपी, मग छत्री आणि सर्वांत शेवटी उशीर का झाला याचं कारण. या नाकाच्या दोन्ही बाजूंशी नानांचे वेगवेगळे संबंध होते. "डावी नाकपुडी भावनाप्रधान आहे," ते सांगत. "तिला सगळंच आवडतं. हिच्यावर विसंबलो असतो तर केव्हाच वाया गेलो असतो. उजवी सरकारी आहे." म्हणून कसलाही वास गंभीरपणे घ्यायचा झाला की ते खिशातून कापसाचा बोळा काढत आणि डावी नाकपुडी बुजवत. भाजीवाल्या बाईपुढं, देवळातल्या धुपापुढं, इतकंच काय, स्वतःच्या मुलीसाठी बघायला गेलेल्या मुलाच्या घरीही त्यांनी बोळा काढला होता. ते लग्न मोडलं. पुढं त्या मुलानं काय काय केलं ते पाहता उजव्या नाकपुडीचं बरोबरच होतं असं भोरात सगळे म्हणतात.

नाना दारू पीत नसत. हे मी शपथेवर सांगतो, कारण ऐकणाऱ्याला पहिली शंका तीच येते. ते दारू शोधत. आमच्या दोन तालुक्यांत डोंगर जितके तितके ओढे, आणि ओढे जितके तितके हात. कुणी गुळाची काढी, कुणी करवंदाची, कुणी आणखी कसली. प्रत्येक हाताची चव निराळी, प्रत्येक ओढ्याचं पाणी निराळं, आणि हे सगळं बेकायदा, म्हणजे कुठं पाटी नाही, दुकान नाही, पत्ता नाही. नानांना याचीच झिंग. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या ते पुण्याहून मागवत. मोजणीला गेलं की एखाद्या वाडीत मधल्या सुट्टीत गायब होत आणि येताना एक बाटली भरून घेऊन येत. त्यावर आपल्या सुंदर मोजणीदारी अक्षरात चिठ्ठी चिकटवत: वाडी, ओढ्याची दिशा, महिना, पक्ष. मग तळहाताच्या मागच्या बाजूला एक थेंब टाकायचा, हुंगायचा, जिभेच्या टोकानं टिपायचा, संपलं. मी एकदा अख्खी बाटली तोंडाला लावली तेव्हा त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. "अरे, पिऊ नकोस. वाच."

त्यांचे निकालही छापील पुस्तकासारखे असत. सारोळ्याच्या पुलापाशी ट्रकवाल्यांसाठी रबरी ट्यूबमधून यायची तिला ते म्हणत, "ही दारू नव्हे, पंक्चर आहे." भोंगवलीकडची कुणाची तरी आणली होती तिच्याबद्दल, "गूळ चांगला, माणूस घाईचा." आणि शिवऱ्याच्या बाजूची एक बाटली हुंगून म्हणाले, "हिच्यात नवसागर एकटाच बोलतोय. गूळ बिचारा ऐकतोय."

सरकारी नकाशात जिथं नुसता डोंगर होता तिथं नानांच्या नकाशात वीस वीस ओढे आले. प्रत्येक ओढा उगमापर्यंत चालून पाहिलेला, कारण भट्टी असते ती उगमाकडंच. वरच्या साहेबांनी नकाशा पाहून शेरा मारला, "ओढे अत्यंत परिश्रमपूर्वक दाखवले आहेत. इतरांनी अनुकरण करावे." आम्ही अनुकरण केलं. महिनाभर कचेरीत कुणाला सरळ रेघ मारता येईना.

नानांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणत असू. त्यांना त्या बाटल्या औषधाच्याच वाटत, कारण नानांनी तसंच सांगितलं होतं आणि बाटलीवरची अक्षरं वाचून कुणालाही काही कळत नसे. एका गुरुवारी दुपारी त्यांच्या घरी बायकांचं भजन होतं. दोघीतिघींचे घसे बसले होते. वहिनींनी कपाटातली सगळ्यांत प्रतिष्ठित चिठ्ठी बघून एक बाटली काढली आणि गरम पाण्यातून दिली. गुण आला. मग इतर बायकांचेही घसे बसले. त्या दुपारी आरती सात वेळा झाली. अकरा वर्षं सुनेशी न बोललेल्या एका आजींनी सुनेच्या गळ्यात पडून तिची क्षमा मागितली आणि त्यानंतर तिला आपल्या तरुणपणीचा एक किस्सा सांगितला, ज्यामुळं त्या पुढं आणखी अकरा वर्षं बोलू शकल्या नाहीत. नाना संध्याकाळी घरी आले, कपाट उघडलं आणि मटकन खाली बसले.

"कोणती दिलीस?"

"ती कडेची. का हो? जुनी झाली होती का?"

"जुनीच होती," नाना कळवळून म्हणाले. "मागल्या मार्गशीर्षातली होती."

आपली अब्रू जाता जाता वाचली हे त्यांच्या डोक्यात शिरायला आठवडा लागला.

पण या सगळ्या कपाटात एक खण रिकामा होता. त्यावर चिठ्ठी आधीच चिकटवून ठेवली होती: जांभूळ.

तोरण्याच्या पाठीमागं कुणी ठकूबाई म्हणून आहे, ती वर्षातून एकदाच, जांभळं संपली की त्यांची एक मडकंभर काढते, बरणीत घालून गंजीखाली पुरते आणि थंडीत उघडते, ही बातमी नानांना एका साखळीवाल्यानं दिली होती. प्यायलेला माणूस कुणी भेटत नसे. प्यायलेल्या माणसाला भेटलेला माणूस मात्र प्रत्येक गावात एक असे. तिचा वास घेऊन एका माणसाची दाढदुखी थांबली होती, एक जण कर्जातून बाहेर आला होता, आणि एका मुक्या बैलानं हंबरडा फोडला होता. यातलं शेवटचं मी घातलं आहे.

सात वर्षं नाना त्या म्हातारीच्या मागं होते. पण ठकूबाईला सरकारी माणूस अर्ध्या मैलावरून ओळखू येई. "न्हाई बा, आमी न्हाई काढत. तुमाला कुनी सांगितलं? त्याच्या तोंडात माती," एवढं बोलून ती शेरडांमागं निघून जाई. शेवटी नानांनी वेश पालटला. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि आपण शेरडांचे व्यापारी आहोत असं सांगत ते तिच्या दारात जाऊन उभे राहिले. मी लांब करवंदीच्या जाळीत बसलो होतो.

ठकूबाईनं एक शेळी पुढं ढकलली. "बगा की दात."

नानांनी शेळीचा जबडा उघडला, आत निरखून पाहिलं आणि तज्ज्ञाच्या गंभीर आवाजात म्हणाले, "बाई, वरचे पुढचे सगळे दात पडलेत हिचे. म्हातारी झालीय."

शेळीला वरचे पुढचे दात नसतातच. कुठल्याच शेळीला नसतात. हे तिकडं रांगत्या पोरालाही माहीत असतं. ठकूबाई इतकी हसली की तिला दाराचा आधार घ्यावा लागला. हसता हसता तिनं सुनेला हाक मारली, सुनेनं शेजारणीला, आणि मी जाळीतून बघतो तो नाना घोंगडी सावरत डोंगर उतरतायत आणि मागं अख्खी वाडी आपापल्या शेळ्यांचे जबडे उघडून दाखवतेय.

तर सात वर्षांनंतर ती बाटली अशी आयती, जमादारांच्या हातून, नानांच्या उजव्या नाकपुडीखाली आली होती. आणि तिला आंबट म्हणा असा सरकारी आग्रह होता.

"मग काय लिवू?" जमादार घाम पुसत म्हणाले.

"लिहा. मी सांगतो." नानांनी पुन्हा बाटली वर धरली. "सदर द्रवाचा वास घेऊन पाहिला असता प्रथम पिकल्या जांभळाच्या सालीचा, त्यामागून किंचित तुरट, त्यानंतर बंद लाकडी कपाट उघडल्यासारखा आणि शेवटी काहीच नाही, असा वास आला."

"काहीच न्हाई कसं लिवू, नाना? काहीच न्हाई तर केस कसली करू?"

"अहो, शेवटी काहीच नाही हाच तर मोठा गुण! वाईट माल नाकात मुक्काम करतो. हा सांगून निघून जातो."

"दारूचा वास तरी हाय का न्हाई?"

"आहे. पण सुसंस्कृत आहे."

"सुसं... काय?"

"सुसंस्कृत. लिहा. पहिला स दंत्य."

जमादारांनी पेन खाली ठेवलं. "आसं चाललं तर म्या हितंच रिटायर हुईन."

धोंड्यावरून ठकूबाई इतका वेळ नानांकडं टक लावून बघत होती. आता तिनं हनुवटी वर उचलली. "शेरडंवालं न्हवं का तुमी?"

नाना कानापर्यंत लाल झाले.

"व्हय, तेच," ती मान हलवत म्हणाली. "दात बगायचं जमंना, पर नाक हाय मानसाला."

नानांच्या वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना जेवढे चांगले शेरे मिळाले असतील ते सगळे एका पारड्यात घातले तरी हा जड भरला असता. पंचनामा शेवटी नानांच्याच शब्दांत झाला, कारण दुसरा पंच आणायचा तर वेल्ह्यापर्यंत जावं लागलं असतं. एक बाटली भरून, तोंडाला लाख लावून, वर आमच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवून ठेवली. उरलेली बरणी नियमाप्रमाणं जागीच नष्ट करायची.

"जमादार," नाना घुटमळत म्हणाले, "पंचाला... म्हणजे खात्री करण्यासाठी... एखादा थेंब?"

"न्हाई. नुसता वास. कायद्यात चव न्हाई."

शिपायानं बरणी ओढ्यात उपडी केली. नानांनी टोपी काढली. त्या दिवशी त्या ओढ्यातल्या खेकड्यांनी सरळ रेषेत चालून दाखवलं, असं मी गेली कित्येक वर्षं सांगतोय आणि एकही माणूस विश्वास ठेवत नाही.

खरी पंचाईत पुढं झाली. ठकूबाई याआधी दोनदा सापडलेली होती. या खेपेला सहा महिने आत जाणार हे तिच्या वकिलालाही मान्य होतं. एका दुपारी ती भोरला नानांच्या घरी आली. नाचणीच्या पिठाचं गाठोडं ओट्यावर ठेवून खाली बसली. मी तिथंच होतो.

"सायेब, वास इसरलो म्हना."

"कसं म्हणू? विसरलो नाही."

"सर्दी व्हती म्हना."

"सर्दी नव्हती, ठकूबाई."

"आवो, मानूस येवडंतेवडं बोलतंच की. तुमी शेरडाचं व्यापारी व्हता तवा खरं बोलत व्हता का?"

मी नानांकडं पाहिलं. नाना अंगठ्यानं ओट्याची फरशी पुसत राहिले. मग म्हणाले, "ते तोंडानं बोललो होतो. हे नाकाचं आहे. सात वर्षं मी त्या वासामागं फिरलो. आता तो आला आणि मी कोर्टात उभा राहून सांगू की आलाच नव्हता? मग माझ्याजवळ राहिलं काय?"

"माज्याजवळ चार शेरडं हायती," ठकूबाई म्हणाली. "ती कोन बगनार? आन जेष्ठात जांभळं पिकत्याल. ती कोन येचनार? सून? तिला पिकलं न् सडलं यातला फरक कळत न्हाई."

या शेवटच्या वाक्यानं नानांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला बघवेना. तिला आत पाठवायची तर आपल्याच साक्षीनं. म्हणजे त्या चवीचा जगातला एकुलता एक हात आपणच बांधून द्यायचा, आणि तोही तिची तारीफ करून. ठकूबाई उठली, गाठोडं तिथंच ठेवून निघाली. वहिनींनी ते तिला परत द्यायला मला एस.टी. स्टँडवर पाठवलं. तिनं घेतलं नाही. "पीठ हाय. लाच न्हाई," एवढं म्हणाली आणि गाडीत चढली.

त्यानंतर नानांनी कपाटाला कुलूप लावलं. मोजणीत त्यांची साखळी चुकू लागली. एका शेतकऱ्याची विहीर त्यांनी नकाशात शेजाऱ्याच्या घरात दाखवली. मी म्हटलं, "नाना, दुसरा पंच मी आहे. मी खोटं बोलतो. माझ्या नाकाला तसाही रॉकेल आणि गुलाबपाणी यातला फरक कळत नाही." नाना म्हणाले, "तुझी साक्ष माझ्यानंतर. मी एकदा हो म्हटल्यावर तुला कोण विचारतंय?" तेही खरंच होतं.

वैशाखात तारीख लागली. कोर्टात उभं राहायला जागा नव्हती, कारण पंचनाम्याची कीर्ती आधीच गावभर झाली होती. न्यायाधीश तरुण होते, नवीन आलेले. सरकारी वकिलांनी पंचनामा वाचायला घेतला. "बंद लाकडी कपाट उघडल्यासारखा" इथं मागं कुणीतरी फिस्सकन हसलं, "सुसंस्कृत" इथं सगळेच हसले. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"हा पंचनामा आहे की निबंध?"

"मजकूर माझा आहे, साहेब," नाना पिंजऱ्यातून म्हणाले. "अक्षर तेवढं जमादारांचं."

ठकूबाई आरोपीच्या जागी उभी होती. नऊवारीला नवी घडी होती. तुरुंगात जायचं म्हणून नेसली होती बहुतेक. तिच्या हातात एक छोटं बोचकं होतं आणि ते तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. नानांचा चेहरा पांढरा पडला होता. सरकारी वकिलांनी बाटली पुढं केली.

"हीच ती बाटली ना? चिठ्ठीवर सही तुमची आहे?"

"सही माझी आहे."

"उघडतो. वास घ्या आणि कोर्टाला सांगा, आरोपीच्या भट्टीवर मिळालेला द्रव तो हाच का."

नानांनी खिशातून कापसाचा बोळा काढला.

"हे काय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"डावी बंद करतोय, साहेब. शपथ उजवीनं घेतलीय."

कोर्टात इतकी शांतता झाली की वरच्या पंख्याला लाज वाटून तो थांबला. वीज गेली असंही काही लोक म्हणतात. नानांनी बाटली नाकाखाली धरली आणि श्वास घेतला. पुन्हा घेतला. भुवया वर गेल्या. मग त्यांनी डाव्या नाकपुडीतला बोळाही काढून टाकला आणि दोन्हींनी घेतला. नोकरीच्या आयुष्यात मी पाहिलेली ती एकमेव वेळ.

"ही ती नव्हे," नाना म्हणाले.

"नीट बघा. सही तुमची आहे म्हणालात."

"सही माझी आहे. दारू ती नाही. साहेब, हा गूळ आहे. त्यातही हलका. लवकर आंबावा म्हणून नवसागर मुठीमुठीनं टाकलाय. घाईत काढलीय, मोठ्या जाळावर, आणि रबराचा वासही येतोय. जांभळाचा यात थेंब नाही." नानांचा आवाज चढत गेला. आनंदानं की संतापानं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. "ज्या हातानं ती काढली होती त्या हातानं ही काढलेली असणं शक्य नाही. हिला या बाईची दारू म्हणणं हा या बाईचा अपमान आहे आणि तो मी या कोर्टात होऊ देणार नाही!"

न्यायाधीशांनी बाटली मागवून घेतली. उजेडात फिरवून पाहिली. चिठ्ठी तीच होती, पण तिच्याखाली लाख नव्हती, मेण होतं. मेणबत्तीचं, पांढरं. त्यांनी पंचनाम्यातलं लाखेचं वाक्य पुन्हा वाचलं आणि मग जमादारांकडं पाहिलं. जमादार छताकडं बघत होते. ती सुसंस्कृत बाटली थंडीतल्या कुठल्या तरी दिवशी जमादारांच्या आणि दोन शिपायांच्या पोटात गेली होती, आणि तिच्या जागी दुसरं काहीतरी भरून चिठ्ठी परत डकवली होती, हे समजायला कायद्याच्या पदवीची गरज नव्हती. माझी साक्ष झालीच नाही. ठकूबाई सुटली. जमादारांची बदली झाली ती इतक्या लांब की तिथून त्यांचं पत्र यायला लागायचे चार महिने, आणि ते काही कुणाला पत्र लिहीत नसत.

कोर्टाबाहेर लोकांनी नानांना उचलायचंच बाकी ठेवलं होतं. हॉटेलवाल्यानं फुकट चहा पाजला. वकिलांनी हात मिळवले. एकानं नाकाला हात लावून नमस्कार केला आणि नानांनी तो स्वीकारला. खोटं न बोलता म्हातारी सुटली होती, जांभळं वाचली होती, आणि उजवी नाकपुडी अख्ख्या तालुक्यासमोर खरी ठरली होती. एवढा सुखी माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

ठकूबाई चिंचेखाली गाडीची वाट बघत बसली होती. बोचकं मांडीवर, पाय लांब केलेले. नाना तिच्यापाशी गेले. टिपणवही काढली, पेन्सिलीला टोक आहे का पाहिलं, आणि विजयी माणसाच्या मोठ्या मनानं म्हणाले, "ठकूबाई, एवढं एक सांगा. इतकी भिकार दारू मी आजवर हुंगली नाही. आपल्या भागातल्या भट्ट्या तुम्हाला ठाऊक असतील. कुणाचा हात असेल तो? नाव टिपून ठेवतो, जन्मात पुन्हा त्या वाटेला जायचं नाही."

ठकूबाईनं गाडी आली का ते बघितलं. नव्हती आली.

"माजाच की," ती म्हणाली. "जमादार बाटली घिऊन माज्याकडंच आलं व्हतं भरायला."